छतावरची कसोटी

६ ऑक्टोबर

घरी येणारी नर्स म्हणाली, रोज थोडं लिहीत जा, मन मोकळं होतं. मन भरलंय असं मला वाटत नाही. पण टॅमसिननं पर्थहून पाठवलेली वही कोरीच पडली होती. लेकीनं पाठवलेली वस्तू वाया कशाला घालवा, म्हणून लिहितेय.

दुपारी विन्सला माझ्या नवऱ्यापाशी, वॉरिकपाशी बसवून प्रोजेक्टर बघायला गेले. विन्स शेजारी राहतो, सत्तरीचा आहे, बायको गेल्यापासून त्याला कुठेही बसवलं तरी चालतं.

प्रोजेक्टर गॅरेजसाठी हवाय. वॉरिक बंदरातल्या मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या टगबोटीवरून निवृत्त झाला तेव्हाच त्यानं ठरवलं होतं, गॅरेजमध्ये घरचं थिएटर करायचं. गाडी उन्हात, आपण सावलीत. मागे रेलता येणाऱ्या दोन खुर्च्या आणल्या, भिंती काळ्या करायला घेतल्या. रंगवता रंगवता ब्रश हातातून पडायला लागला. पुढे डॉक्टर म्हणाले की हा मज्जातंतूंचा आजार आहे, एकेक स्नायू काम सोडत जाईल, इलाज नाही. वॉरिक म्हणाला, "म्हणजे आमच्या युनियनसारखंच. एकेक जण संपावर जाणार." डॉक्टर हसले नाहीत. मी हसले होते, असं आठवतं.

दुकान लिएन नावाची बाई चालवते. मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, तिथे बसून प्रोजेक्टर चालवून बघता येतो. आज दोन बघितले. एकाचा काळा रंग काळा नाही, राखाडी आहे. दुसऱ्याच्या पंख्याला आवाज आहे.

९ ऑक्टोबर

वॉरिकनं विचारलं, "आणलास का गं?" त्याची जीभ आता जड झालीय, पण मला कळतं.

"नाही. पंखा वाजतो."

"विन्सचा रेडिओ दिवसभर बोंबलतो. त्यात पंखा कोण ऐकणार?"

"घ्यायचा तर नीट बघून घ्यावा ना."

"बघ बाई, सावकाश बघ. फक्त बॉक्सिंग डेच्या आत."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नला कसोटी सुरू होते. आम्ही जिलाँगहून सकाळच्या गाडीनं जायचो, लग्न झालं त्या वर्षापासून. हॅमची सँडविचेस, चेरी, त्याची ती भोकाची टोपी. गेल्या वर्षी चाकाच्या खुर्चीत नेलं तर उन्हानं त्याची शुद्ध गेली. यंदा मॅच घरीच बघायची आहे, भिंतभर.

१७ ऑक्टोबर

तिसरा प्रोजेक्टर उजेडाला चांगला होता. लिएननं समुद्राचं दृश्य लावलं. मी म्हणाले, लाटांच्या कडांना लाल-हिरव्या रेघा चमकून जातायत.

ती म्हणाली, "हे फार थोड्या लोकांच्या डोळ्यांना दिसतं. मला नाही दिसत. पण तुम्हाला दिसतंय म्हणजे हा बाद."

बाद म्हटल्यावर मला हलकं वाटलं. का, ते समजलं नाही. परत बघायला जावं लागणार, तरी.

घरी येऊन मी प्रोजेक्टरांची माहिती वाचत बसले. दिव्याचे असतात, लेझरचे असतात. दिवा हळूहळू मंद होत जातो आणि शेवटी बदलावा लागतो. लेझरचा फार टिकतो, माणूस म्हातारा होईपर्यंत.

वॉरिकला आज चमचा धरता आला नाही.

२८ ऑक्टोबर

रुग्णालयानं बोलकी पाटी दिली. वॉरिकच्या उजव्या हाताचं एक बोट अजून कामावर आहे. त्या बोटाखाली बटण, बटण दाबलं की पाटीवरची अक्षरं निवडली जातात, आणि पाटी वाक्य बोलून दाखवते. आवाज आपण निवडायचा. पुरुषांचे पुष्कळ होते. यानं निवडली कोणीतरी उच्चभ्रू लंडनवाली बाई. विन्स पोट धरून हसला.

"कोरली, तुझ्या घरात सवत आली!"

पाटीतली बाई म्हणाली, "कृपया या गृहस्थांना बाहेर काढावे. त्यांच्या तोंडाला लसणाचा वास येत आहे."

विन्स खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. मी चहाचे कप उचलले. हसण्यासारखं होतं, ते कळत होतं मला. काच लावलेल्या खिडकीतून रस्त्यावरची मिरवणूक बघावी तसं झालं. माणसं नाचतायत, वाजवतायत, आणि आपल्यापर्यंत आवाज येत नाही.

टॅमसिनचा फोन. "आई, तू रडतेस का गं कधी?" मी म्हणाले, वेळ कुठे आहे. "रडायला वेळ लागत नाही आई." मी म्हणाले, इकडे उत्तरेचा गरम वारा सुटलाय, कपडे लगेच वाळतात.

१० नोव्हेंबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. लिएननं लेझरचा एक प्रोजेक्टर लावून दिला आणि ती बाहेर गिऱ्हाईक बघायला गेली. डोंगर, बर्फ, एक घार. मी खुर्चीत मागे रेलले आणि उघडले डोळे तेव्हा अंगावर शाल होती. पडदा बंद होता. बाहेर ऊन उतरलं होतं.

मी म्हणाले, "उठवलं नाहीत!"

"तुम्ही काळा रंग तपासत होतात," लिएन म्हणाली.

बाई चांगली आहे, पण दुकानदारीची रीत नव्हे ही. दुसऱ्या कुणी दोन तासांत चार गिऱ्हाइकं केली असती. मी घाईनं घरी आले. वॉरिकनं काही विचारलं नाही. आताशा तो प्रोजेक्टरचं विचारतच नाही. मी आपणहून सांगितलं की घार झेपावताना चित्र किंचित अडखळतं, तेव्हा चेंडू नीट दिसणार नाही. पाटीतली बाई म्हणाली, "समजले."

मी बाहेर पडायला निमित्त शोधते की काय? छे. एकदा घेतला की तोच वापरायचा असतो. बघूनच घ्यायला हवा.

२१ नोव्हेंबर

काल वॉरिकला ठसका लागला. भोपळ्याचं सूप, रोजच्यासारखंच दाट केलेलं. निळा पडला. मी घरीच होते, सगळं शिकवल्याप्रमाणे केलं, विन्सनं अँब्युलन्स बोलावली. माझे हात अजिबात थरथरले नाहीत. अँब्युलन्समधली मुलगी म्हणाली, "तुम्ही किती शांत आहात!" मी म्हणाले, हो.

रुग्णालयातच आहे. छातीत पाणी झालंय. डॉक्टर अन्नासाठी पोटातून नळी घालायचं म्हणाले. पाटीतली बाई म्हणाली, "नको. आभारी आहे." डॉक्टरांनी पुन्हा समजावलं. बाई पुन्हा तेच म्हणाली, त्याच सभ्य आवाजात. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "तो नको म्हणतोय."

मग ते मला बाहेर घेऊन गेले आणि नाताळ, नवं वर्ष असं काहीतरी बोलले. कॉफीच्या यंत्राशेजारी उभे होतो. यंत्रात दूध संपल्याची चिठ्ठी होती.

३० नोव्हेंबर

घरी आणलं. आमचा पलंग टॅमसिनच्या खोलीत गेला, आमच्या खोलीत रुग्णालयाचा लोखंडी पलंग आला. मी टॅमसिनच्या खोलीत झोपते. दार उघडं ठेवते.

डोकं उंच केलं की मान एका बाजूला कोसळते, म्हणून त्याला जवळजवळ सपाटच ठेवावं लागतं. नर्स येते, कूस बदलते, जाते.

दुपारी मी मोजायची टेप घेऊन गॅरेजमध्ये गेले. चौथा प्रोजेक्टर टांगायचा तर भिंतीपासून अंतर पुरतं का, ते पुन्हा बघायचं होतं. विन्स दारात येऊन उभा राहिला.

"काय करतेयस?"

"मोजतेय. दुसरं टोक धर."

त्यानं धरलं. थोड्या वेळानं म्हणाला, "अगं, त्याला इथे आणणार कसा? स्वयंपाकघरातून खाली पायऱ्या आहेत."

"उतार करता येईल. तूच म्हणाला होतास, फळ्या आहेत तुझ्याकडे."

"फळ्या आहेत गं. पण बसणार कसा तो? मान धरत नाही त्याची."

"टोक सोडू नकोस," मी म्हणाले.

त्यानं सोडलं नाही. अंतर पुरतं. थोडं उरतंसुद्धा. विन्सला या कामातलं काही कळत नाही.

५ डिसेंबर

लिएनकडे गेले. म्हणाले, आता घेऊनच जाते, टांगायचा कसा तेवढं सांगा. तिनं वही पुढे ओढली नाही, खोका काढला नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"एक विचारू? मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. बघणार कोण आहे?"

"माझा नवरा."

"ते बसतात कसे? खुर्चीत, सोफ्यावर?"

"बसत नाही तो," मी म्हणाले.

मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरांना माहीत आहे, नर्सला माहीत आहे. माझ्या तोंडून नव्हतं निघालं.

"मग त्यांना दिवसभर दिसतं काय?"

"छत."

दुकानात एक जोडपं साउंडबारवरून भांडत होतं. लिएननं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझी आई शेवटी नुसती पडून असायची," ती म्हणाली. "छताला एक भेग होती. ती म्हणायची, ही मेकाँग नदी आहे, आणि कुठल्या वळणावर कुणाचं घर ते सांगायची. आम्हाला वाटायचं, भ्रम झालाय. ती बिचारी जे समोर होतं ते बघत होती." मग एकदम दुकानदारासारखी म्हणाली, "तुमचं छत कसलं आहे?"

"पांढरं. सपाट. भेग नाही."

"मग चांगला पडदा आहे."

तिनं सांगितलं की दिव्याचा प्रोजेक्टर उभा करून वर तोंड केला तर तापतो, बंद पडतो. लेझरचा लहान घ्यायचा, कमी अंतरातून मोठं चित्र पाडणारा, कोणत्याही बाजूला कलता करता येणारा. तसा एक होता तिच्याकडे. आजपर्यंत मला दाखवलेल्यांत तो नव्हता, कारण काळा रंग त्याचाही राखाडीच आहे.

मी घेतला नाही. उद्या सांगते म्हणाले. गाडी खाडीपाशी नेऊन लावली. एक टगबोट मोठ्या जहाजाला धक्क्याकडे ढकलत होती. जहाज इतकं मोठं की टग त्याच्या आड गेली, मग जहाज आपोआप सरकल्यासारखं दिसत राहिलं.

घरी आल्यावर वॉरिकला म्हणाले, "छतावर पाडायचं का चित्र?"

बोट हलायला लागलं. पाटीतल्या बाईला वाक्य जुळवायला वेळ लागतो. मी खिडकीच्या पडद्याच्या चुण्या सरळ करत उभी राहिले.

"गॅरेजचे काय झाले?"

"गॅरेजला पायऱ्या आहेत."

"त्या पूर्वीपासून आहेत."

"मग बोलला का नाहीस?"

फार वेळ लागला. मला वाटलं, थकला. मग बाई म्हणाली, "तू मोजमापे घेत होतीस. मला तुला थांबवायचे नव्हते."

१४ डिसेंबर

विन्सनं प्रोजेक्टरसाठी लाकडाची घोडी केली आणि पलंगाच्या पायथ्याशी ठेवली. ताटलीएवढा प्रोजेक्टर, तोंड वर. खिडकीला जाड काळं कापड लावलं, बाहेर उन्हानं डांबर मऊ झालं होतं आणि आत मध्यरात्र. बटण दाबलं. छत उजळलं. कुठल्याशा जुन्या मॅचचा तुकडा लागला होता.

"वा!" विन्स म्हणाला. "वा, वा!"

वॉरिक वर बघत होता. बाई म्हणाली, "उत्तम. हे गोलंदाज डोक्यावर धावत आहेत काय?"

चित्र उलटं होतं. आम्ही पायथ्याशी उभे, आम्हाला सरळ दिसत होतं. विन्सनं घोडी फिरवली, तर चित्र कपाटावर गेलं. मी प्रोजेक्टरच्या सेटिंग्जमध्ये शोधलं, उलटं केलं, तर डावखुरे सगळे उजखुरे झाले. विन्स म्हणे आता बरोबर आहे, मी म्हणे नाही. मान मोडायची वेळ आली.

बाई म्हणाली, "उभे राहून कळणार नाही. कोरली, आडवी हो."

"कुठे?"

"जमीन मोकळी आहे."

मी गालिच्यावर, त्याच्या पलंगाशेजारी उताणी झोपले. खालून सांगत गेले आणि विन्स बटणं दाबत गेला. चित्र सरळ झालं. गोलंदाज धावत आला, टाकला, फलंदाजानं सोडून दिला. माझ्या कानाशी पलंगाचं चाक होतं. वरून वॉरिकचा हात लोंबत होता, बोट माझ्या कपाळापासून वीतभर वर.

विन्स कधी गेला ते कळलं नाही. संध्याकाळी त्याला हाक मारून टॅमसिनच्या खोलीतला पलंग परत इकडे आणवला. लोखंडी पलंगाला लावून ठेवला. मधे फट राहते, तिच्यात रजई कोंबली.

विन्स म्हणाला, "हे सुरुवातीलाच करायला हवं होतं." मी म्हणाले, प्रोजेक्टरचं ठरत नव्हतं.

२६ डिसेंबर

टॅमसिन नाताळला येऊन गेली, आज सकाळीच परत गेली, कामावर हजर व्हायचं होतं. जाताना बापाच्या कानात काय बोलली ते मी विचारलं नाही. पाटीतली बाई तिला म्हणाली, "वाहन जपून चालवावे." ती विमानानं जात होती.

साडेदहाच्या आधी सगळं उरकलं. चेरी मी खाल्ल्या, त्याच्या ओठांना रस लावला. भोकाची टोपी त्याच्या पोटावर ठेवली, डोक्यावर बसत नाही. राष्ट्रगीत झालं. अख्खं मैदान आमच्या छतावर, प्रेक्षक चारी भिंतींपर्यंत. गवत इतकं हिरवं की रजईवरसुद्धा हिरवट उजेड पडला. काळा रंग राखाडीच आहे. कसोटी दिवसा असते, काळा लागतोच कुठे?

त्याचे शेरे उशिरा येतात. बोटानं अक्षरं जमेपर्यंत पुढचे चेंडू होऊन गेलेले असतात. एक जण पायचीत झाला, नवा आला, त्यानं चौकार मारला, आणि मग बाई म्हणाली, "स्पष्ट बाद होता. रडू नये." मी नव्याकडे बघत म्हणाले, "हा कुठे रडतोय?" मग लक्षात आलं, आधीच्याबद्दल बोलतोय. दिवसभर असं चाललं. आम्ही दोघं दोन वेगवेगळ्या मॅच बघत होतो म्हटलं तरी चालेल.

२८ डिसेंबर

जेवणानंतर मेलबर्नला पाऊस आला. खेळपट्टीवर आच्छादनं ओढली. प्रेक्षक आत पळाले. समालोचक जुन्या गोष्टी सांगायला लागले तेव्हा वॉरिकनं आवाज बंद करायला लावला. मी म्हणाले, चित्रही बंद करू का, थोडा झोप.

"नको. बघू."

"काय बघू? पाऊस?"

"होय."

तर आम्ही पाऊस बघितला. आमच्याकडे जिलाँगला थेंब नव्हता. छतावर मात्र सरी तिरप्या पडत होत्या, आच्छादनांवर डबकी साचत होती, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा भिजत होत्या. एक माणूस छत्री घेऊन मधोमध गेला, पायानं जमीन दाबून बघितली, परत आला. कोणीच काही करू शकत नव्हतं आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. बरं वाटत होतं बघायला.

मी त्याचा हात फटीवर धरून ठेवला होता. बरंच झाल्यावर माझ्या लक्षात आलं, दोन्ही कान ओले आहेत. उशीही ओली. आधी वर बघितलं, छत गळतंय की काय. नव्हतं. माणूस उताणा असला की डोळ्यांतलं पाणी कानात जातं, हे मला माहीत नव्हतं. डोळे का वाहतात ते नर्सला विचारायला हवं. इतके दिवस अंधारात चित्र बघून ताण पडला असेल.

वॉरिकची मान वळत नाही, त्यामुळे त्याला दिसलं नाही. पण बाई म्हणाली, "पाऊस पडू दे."

११ जानेवारी

सिडनीच्या कसोटीच्या दुसऱ्या दिवशी वॉरिक गेला. शुक्रवारी अंत्यविधी झाला. टगवाले सगळे आले होते, खाडीत भोंगे वाजवले. टॅमसिन माझ्यापाशी आहे, उद्या लोखंडी पलंग न्यायला माणसं येणार आहेत. लिएन येऊन गेली, फुलं आणि फणसाची मिठाई घेऊन. खोलीत उभी राहून तिनं छताकडे बघितलं.

तो दिवस लिहायचा राहिला होता.

सकाळपासून श्वास हळू होता. नर्स म्हणाली, मी थांबू का? वॉरिकनं बाईकरवी सांगितलं, "आपण जावे. मॅच आहे." ते त्याचं शेवटचं वाक्य, पण तेव्हा ते शेवटचं आहे असं वाटलं नाही, उद्धट वाटलं. मी नर्सची माफी मागितली. ती म्हणाली, दारापर्यंत चला, आणि दारात मला जवळ घेतलं.

त्याचा डावा हात माझ्या हातात होता, आणि चहापानापर्यंत उजव्याचं बोट बटणावर अधूनमधून हलत होतं, वाक्य मात्र जुळत नव्हतं. चहापानानंतर आपली गोलंदाजी होती. उन्हं कलली होती, मैदानाच्या अर्ध्या भागावर स्टँडची सावली. आमच्या छतावरही तेवढाच भाग काळोखला. जलद गोलंदाज धावत आला, चेंडूनं बॅटची कड घेतली आणि दुसऱ्या स्लिपच्या हातात गेला. हातात गेलेला सुटला. सगळं मैदान ओरडलं.

मी म्हणाले, "बघ! सोडला गाढवानं!"

आणि त्याच्या शेऱ्याची वाट बघत राहिले. उशीर होतो ते माहीतच होतं. षटक संपलं. दुसऱ्या बाजूनं फिरकी आली. मी मनात म्हणत होते, मोठं वाक्य जुळवतोय, आता बाई काहीतरी झणझणीत बोलणार. त्या स्लिपवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. आणखी एक षटक झालं. एक चौकार गेला. मी मान वळवली नाही. बरं चाललं होतं.

मग हातातला हात जड लागला.

डॉक्टरांनी येऊन वेळ लिहिली, अंदाजानं. टॅमसिननं विचारलं, "आई, नक्की कधी?" मला सांगता आलं नाही. झेल सुटण्याच्या आधी की नंतर, हे कोणालाच माहीत नाही. त्याला तो दिसला, असं मी धरून चालले आहे.